बहुपदीची ओळख : एकं-दहंपासून 'क्ष'पर्यंत

प्रास्ताविक

पनवेल तालुक्यातील खेड्यांतून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुले कोणी सातवीनंतर, तर कोणी आठवीनंतर माध्यमिक शाळेत जातात. नववीच्या सुमारास त्यांच्यापुढे बीजगणितातील 'बहुपदी' हे प्रकरण येते. ज्या मुलाने इतकी वर्षे बेरीज-वजाबाकी बिनचूक केली, पाढे खडाखडा म्हटले, तोही येथे अडखळतो. आकडे जाऊन त्यांच्या जागी अक्षरे आली, म्हणजे कोणा परक्या गावी आल्यासारखे त्यास वाटते. काही दिवस तो उदाहरणे उतरवून घेतो, पुढे उत्तरेही उतरवू लागतो, आणि अखेरीस "गणित आपल्यासाठी नव्हे" असा निर्णय स्वतःच स्वतःपुरता घेतो. हा निर्णय कोठल्याही निकालपत्रकात दिसत नाही. तथापि त्यामुळे मुलाच्या पुढील शिक्षणाच्या कितीतरी वाटा बंद होतात.

या अपयशाची जबाबदारी माध्यमिक शिक्षक प्राथमिक शाळेवर ढकलतात. आणि बीजगणित हा आपला प्रांत नव्हे, असे प्राथमिक शिक्षक मानतात. वस्तुतः बहुपदी हा विषय प्राथमिक शिक्षकास परका नाही. दुसरी-तिसरीच्या वर्गात एकं, दहं, शतं यांची घरे आखून संख्या मांडावयास शिकविणारा शिक्षक नकळत बहुपदीच शिकवीत असतो. दहाच्या जागी कोणतीही संख्या येऊ शकेल अशी मोकळीक ठेवली, की स्थानिक किमतीची तीच मांडणी बहुपदी होते. हे नाते मुलांच्या लक्षात आणून देणे एवढेच सहावी ते आठवीच्या शिक्षकाचे काम आहे. त्यासाठी सहा पाठांची योजना येथे दिली आहे. पहिले चार पाठ सर्व मुलांसाठी असून शेवटचे दोन आठवीच्या वर्गास किंवा हुशार मुलांच्या गटास घ्यावेत.

पूर्वज्ञान व साहित्य

विस्तारित रूपात संख्या लिहिणे, वर्ग व घन यांचा अर्थ, आयताचे क्षेत्रफळ आणि ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी एवढे मुलांस येत असावे. साहित्य म्हणून खडू, फळा, चौकटींची वही आणि जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे पुरेत.

पुठ्ठ्याचे तीन प्रकारचे तुकडे कापावेत : लहान चौरस, त्या चौरसाइतक्याच रुंदीची लांब पट्टी, आणि पट्टीच्या लांबीएवढी बाजू असलेला मोठा चौरस. लहान चौरसाची बाजू १, पट्टीची लांबी क्ष आणि मोठ्या चौरसाचे क्षेत्रफळ क्ष² मानावे. पट्टीची लांबी लहान चौरसाच्या नेमक्या पटीत ठेवू नये. तशी ठेवल्यास मुले लहान चौरस पट्टीवर मांडून "क्ष म्हणजे सहा" असे ठरवून मोकळी होतात, आणि ज्या अज्ञाताची ओळख करून द्यावयाची तेच नाहीसे होते.

पाठ पहिला : अक्षर म्हणजे संख्या

'३अ + २क म्हणजे तीन आंबे आणि दोन केळी' असे सांगून बीजगणिताचा आरंभ करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती सोपी वाटते, परंतु पुढे घातक ठरते. आंबे आणि केळी मिळून पाच फळे होतात; म्हणून मुले ३अ + २क = ५अक असे उत्तर देतात. शिवाय 'अ' म्हणजे आंबा असेल, तर अ² म्हणजे काय, याचे उत्तर शिक्षकापाशीही नसते. अक्षर हे वस्तूचे आद्याक्षर नव्हे. ते संख्येच्या जागी उभे असते, हा पहिला संस्कार होय.

म्हणून आरंभ किमतीपासून करावा. एका वहीची किंमत क्ष रुपये व एका पेन्सिलीची किंमत य रुपये असेल, तर तीन वह्या व दोन पेन्सिली यांस ३क्ष + २य रुपये पडतील. आता वही २० रुपयांस व पेन्सिल ५ रुपयांस मिळते असे धरून मुलांकडून हिशेब करवावा : ६० + १० = ७०. नंतर वर्गातून ५क्षय हे उत्तर आलेच, तर ते खोडू नये. त्याचाही हिशेब मुलांकडूनच करवावा : ५ × २० × ५ = ५००. सत्तर रुपयांच्या मालास पाचशे रुपये द्यावयास कोणताही मुलगा तयार होणार नाही. चूक त्याची त्यालाच दिसते, आणि अक्षराच्या जागी संख्या घालून उत्तराचा ताळा पाहावयाचा ही सवय पहिल्याच दिवशी लागते.

याच पाठात आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी. ३४ या संख्येत तीन व चार शेजारी आहेत आणि त्यांचा अर्थ तीन दशक अधिक चार असा आहे. ३क्ष यात तीन व क्ष शेजारी आहेत, परंतु त्यांचा अर्थ तीन गुणिले क्ष असा आहे. क्ष = ४ दिले असता ३क्ष ची किंमत ३४ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांची चूक निष्काळजीपणाची नसते. जुन्या नियमावरील निष्ठेची असते. नवा संकेत त्यांना उघडपणे सांगितला पाहिजे.

पाठ दुसरा : दहाच्या जागी क्ष

फळ्यावर घरे आखून ४३२५ ही संख्या लिहावी व मुलांकडून तिचे विस्तारित रूप काढून घ्यावे :

४३२५ = ४ × १०³ + ३ × १०² + २ × १० + ५

आता दहा पुसून त्या जागी क्ष लिहावा :

४क्ष³ + ३क्ष² + २क्ष + ५

एवढेच केले असता फळ्यावर बहुपदी उभी राहते. क्ष = १० घेतला, तर ४३२५ परत मिळते. क्ष = ५ घेतला, तर ५०० + ७५ + १० + ५ म्हणजे ५९० येतात. क्ष = १०० घेतला, तर ४०,३०,२०५ येतात; तेच आकडे, फक्त एकमेकांपासून दूर सरकलेले. हे तीन हिशेब मुलांनी स्वतः केले पाहिजेत. केवळ दहाच घेऊन थांबल्यास "क्ष म्हणजे दहाचे दुसरे नाव" अशी समजूत होते. क्ष चे मूल्य बदलता येते, म्हणून त्यास 'चल' म्हणतात, हे या ठिकाणी सांगावे.

आता नावे द्यावीत. अधिक-उणे चिन्हांनी वेगळे झालेले प्रत्येक अंग म्हणजे 'पद'. पदातील चलाबरोबरची संख्या म्हणजे 'सहगुणक'. संख्येच्या घरात जो आकडा, तोच येथे सहगुणक. चलाचा सर्वांत मोठा घातांक म्हणजे बहुपदीची 'कोटी'. वरील बहुपदीची कोटी ३. एक पद असल्यास एकपदी, दोन असल्यास द्विपदी, तीन असल्यास त्रिपदी. अनुभव आधी व नाव मागाहून, हा क्रम मोडू नये. व्याख्या पाठ करून घेऊन उदाहरणे दिल्यास मुले व्याख्या म्हणून दाखवितात, पण बहुपदी ओळखत नाहीत.

शून्याचे महत्त्व येथे विशेष ठसवावे. ४०५ मध्ये दहंच्या घरात शून्य न लिहिल्यास ४५ होतात, हे तिसरीतील मुलासही कळते. ४क्ष² + ५ मध्ये क्ष चे पद दिसत नाही, पण त्याचे घर रिकामे आहे. सहगुणक शून्य आहे. पुढे माध्यमिक वर्गात बहुपदी केवळ सहगुणकांनी लिहावयाची असते. तेव्हा क्ष³ − ५क्ष + ७ ही बहुपदी (१, ०, −५, ७) अशी लिहावी लागते. तेथे शून्य गाळणारा मुलगा तिसरीतीलच चूक पुन्हा करीत असतो.

रिकाम्या घराची ही काळजी आपल्या पूर्वसूरींनीही घेतली होती. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्त रचला व ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. बीजगणित हा त्याचाच एक भाग होय. या परंपरेत अज्ञात राशीस 'यावत्तावत्' म्हणत व तिचे 'या' हे अक्षर लिहीत. तिच्या वर्गास 'याव' व ज्ञात संख्येस 'रू' अशी खूण असे. अज्ञात एकाहून अधिक असल्यास कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक मांडताना जे पद नसेल, त्याच्या ठिकाणी शून्य लिहीत. सजातीय राशींचीच बेरीज-वजाबाकी होते व विजातीय राशी पृथक् राहतात, हा नियमही भास्कराचार्यांनी सांगून ठेवला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील इसवी सन १२०७ च्या शिलालेखात आहे. बीजगणित परकीयांचे किंवा केवळ शहरी शाळांचे, असे मानणाऱ्या मुलास हे अवश्य सांगावे.

पाठ तिसरा : बेरीज, वजाबाकी आणि 'हातचा'

३६ + ४८ ही बेरीज उभी मांडून बाजूस (३क्ष + ६) + (४क्ष + ८) ही बेरीजही उभी मांडावी. पहिलीत एककाचे १४ होतात. चार लिहून हातचा एक घेतला की उत्तर ८४. दुसरीत उत्तर ७क्ष + १४. येथे मुले सवयीने हातचा घेऊन ८क्ष + ४ लिहितात. असे का चालत नाही, हा या पाठाचा गाभा होय.

शिक्षकाने हीच बेरीज चार प्रकारे करवावी.

(१) दशकांत : ३ दशक ६ अधिक ४ दशक ८. चौदातून एक दशक निघतो. उत्तर ८ दशक ४.

(२) डझनांत : ३ डझन ६ केळी अधिक ४ डझन ८ केळी. चौदातून एक डझन निघतो. उत्तर ८ डझन २.

(३) जुन्या नाण्यांत : ३ रुपये ६ आणे अधिक ४ रुपये ८ आणे. रुपयाचे आणे सोळा. चौदातून रुपया निघत नाही. उत्तर ७ रुपये १४ आणे.

(४) विसांत : ३ विसा ६ अधिक ४ विसा ८. चौदातून वीस निघत नाहीत. उत्तर ७ विसा १४.

नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ पासून दशमान झाली. आण्यांचा हिशेब आजच्या मुलांनी पाहिलेला नाही. तरी घरातील वृद्ध माणसांकडून त्याची माहिती आणावयास सांगितल्यास मुले आवडीने आणतील.

चारही उत्तरांच्या मुळाशी ७क्ष + १४ हेच आहे. हातचा घ्यावयाचा की नाही आणि किती, हे क्ष किती आहे त्यावर ठरते. क्ष ठाऊक नसताना हातचा घेणे म्हणजे परिमाण न विचारता मोजमाप करणे होय. बहुपदीस हातचा नाही. या दृष्टीने बहुपदीची बेरीज आकड्यांच्या बेरजेहून सोपीच आहे, हे कळले की मुलांचा धीर वाढतो.

वजाबाकीसाठी मराठी भाषेनेच एक उत्तम उदाहरण सिद्ध ठेवले आहे. 'एकोणतीस' म्हणजे एकाने ऊन तीस, अर्थात ३० − १. दहाच्या जागी क्ष मानल्यास हा शब्द ३क्ष − १ ही द्विपदी आहे. आपली मुले पहिली-दुसरीपासून ऋण सहगुणक उच्चारीत आहेत, फक्त त्यांना ते कोणी सांगितलेले नाही. आता ५२ मधून एकोणतीस वजा करावेत :

(५क्ष + २) − (३क्ष − १) = २क्ष + ३

क्ष = १० असता उत्तर २३. तीस वजा केले तर एक जास्त गेला, म्हणून तो परत मिळविला, असे तोंडी हिशेब करणारा दुकानदारही म्हणतो. कंसापूर्वी उणे असता आतील चिन्हे बदलतात, हा नियम अशा रीतीने अर्थासह येतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. २९ ही संख्या ३क्ष − १ अशीही लिहिता येते व २क्ष + ९ अशीही. क्ष = १० असता दोहोंची किंमत सारखी; परंतु क्ष = १२ घेतल्यास पहिलीची ३५ व दुसरीची ३३. तेव्हा त्या दोन बहुपदी एक नव्हेत. एका किमतीने घेतलेला ताळा चूक पकडू शकतो. पण उत्तर बरोबर असल्याची खात्री देऊ शकत नाही. म्हणून ताळा निदान दोन-तीन निरनिराळ्या किमतींनी पाहण्याची सवय लावावी.

पाठ चौथा : गुणाकार आणि गुंठा

पनवेलच्या परिसरात 'गुंठा' हा शब्द मुलांच्या कानांवरून नित्य जातो. भातखाचरे गुंठ्यांनी मोजली जातात. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यापासून तर जमिनीचे मोजमाप हा घराघरांतील बोलण्याचा विषय झाला. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौरसाएवढी जागा; असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. बहुपदीच्या गुणाकारास याहून चांगले साधन शोधूनही मिळणार नाही.

३३ च्या जागी ३० + ३ लिहून फळ्यावर गुंठ्याची आकृती काढावी. उभी व आडवी रेघ ओढून तिचे चार भाग करावेत : ३० × ३० चा मोठा चौरस, ३० × ३ च्या दोन पट्ट्या, आणि कोपऱ्यात ३ × ३ चा लहान चौरस. क्षेत्रफळ ९०० + ९० + ९० + ९ म्हणजे १०८९ चौरस फूट.

(क्ष + ३)² चे उत्तर क्ष² + ९ असे लिहिण्याची चूक सार्वत्रिक आहे. ती नियम सांगून जात नाही. गुंठ्याच्या आकृतीत ती चूक करून दाखवावी. ९०० + ९ म्हणजे ९०९. दोन्ही पट्ट्या सुटल्या. एका गुंठ्यास १८० चौरस फुटांची खोट आली. ज्या घरात बांधावरील हातभर जागेवरून बोलणी झालेली असतात, त्या घरातील मुलास ही खोट समजावून द्यावी लागत नाही. मग ३० च्या जागी क्ष लिहून (क्ष + ३)² = क्ष² + ६क्ष + ९ हे सूत्र मुलांनीच सांगावे.

यानंतर पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन (क्ष + ३)(क्ष + २) चा आयत रचावा. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा लहान चौरस लागतात. म्हणून उत्तर क्ष² + ५क्ष + ६. ताळा क्ष = १० ने पाहावा : १३ × १२ = १५६. उत्तराचे सहगुणक आणि संख्येचे आकडे तेच आलेले पाहून मुलांस आनंद होतो. लगेच (क्ष + ७)(क्ष + ५) = क्ष² + १२क्ष + ३५ हेही करवावे. १७ × १५ = २५५; येथे आकडे जुळत नाहीत, कारण आकड्यांनी हातचा घेतला आहे व बहुपदीने घेतलेला नाही. तिसऱ्या पाठातील मुद्दा येथे पुन्हा दृढ होतो.

पाठ पाचवा : एका शाळामास्तरांचे गणित

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव जगातील गणितप्रेमी जाणतात. परंतु ते शाळामास्तर होते, हे फारच थोड्या मुलांस ठाऊक असते. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नसताना, केवळ कागद-पेन्सिलीच्या साह्याने त्यांनी संख्यांच्या अंगच्या अनेक गमती शोधून काढल्या. त्यांच्या एका संख्यामालिकेचे नाव 'डेम्लो संख्या' असे आहे. मुंबईहून सुमारे ३० मैलांवरील डोंबिवली स्टेशनात त्यांना ती कल्पना सुचली, म्हणून त्या स्थानकाच्या नावावरून हे नाव पडले. पनवेलच्या मुलांस डोंबिवली परकी नाही.

११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. आकडे पायरीने चढतात व पायरीने उतरतात. असे का, हे बहुपदी सांगते :

(क्ष + १)² = क्ष² + २क्ष + १
(क्ष² + क्ष + १)² = क्ष⁴ + २क्ष³ + ३क्ष² + २क्ष + १

नऊ एकांच्या संख्येपर्यंत ही जिन्याची रचना टिकते. वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. दहा एक घेतले की मधला सहगुणक १० होतो, आकड्यांस हातचा घ्यावा लागतो व जिना मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. बहुपदीत मात्र मधले पद १०क्ष⁹ असे निमूटपणे उभे राहते. तेथे जिना कधीच मोडत नाही.

कापरेकरांचा ६१७४ हा अंक तर वर्गात खेळ म्हणून घ्यावा. सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार-अंकी संख्या घ्यावी. तिचे आकडे उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या संख्येवर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ पासून ६१७४ च येत राहतात. उतरत्या क्रमाने आकडे अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी अशी होते :

(१०००अ + १००ब + १०क + ड) − (१०००ड + १००क + १०ब + अ) = ९९९(अ − ड) + ९०(ब − क)

दोन्ही पदांस ९ ने भाग जातो. म्हणून प्रत्येक पायरीवर येणाऱ्या संख्येस ९ ने भाग जातो. शेकडो उदाहरणे करून जे केवळ 'दिसते', ते अक्षरांच्या एका ओळीत 'सिद्ध' होते. बीजगणित कशासाठी, या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

पाठ सहावा : भागाकार आणि नवाची कसोटी

१५८ ला १२ ने भागल्यास भागाकार १३ व बाकी २. त्याच पायऱ्यांनी क्ष² + ५क्ष + ८ ला क्ष + २ ने भागल्यास भागाकार क्ष + ३ व बाकी २. दोन्ही भागाकार फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. रीत एकच आहे, हे डोळ्यांनी दिसले पाहिजे.

आकड्यांची बेरीज करून ९ ने भाग जातो की नाही हे पाहण्याची कसोटी प्रत्येक प्राथमिक शिक्षक शिकवितो. परंतु तिचे कारण क्वचितच सांगितले जाते. ४७२५ हे असे लिहावे :

४(९९९ + १) + ७(९९ + १) + २(९ + १) + ५

९९९, ९९ व ९ यांस नवाने भाग जातोच; उरतात ४ + ७ + २ + ५ = १८. क्ष = १० असता ९ म्हणजे क्ष − १; आणि आकड्यांची बेरीज म्हणजे ४क्ष³ + ७क्ष² + २क्ष + ५ यात क्ष = १ घातल्यावर येणारी किंमत. बहुपदीस क्ष − १ ने भागले असता जी बाकी राहते, ती क्ष = १ घालून मिळते, असे हे तत्त्व आहे. माध्यमिक वर्गात यालाच व्यापक रूपात 'शेष सिद्धांत' म्हणतात. ११ म्हणजे क्ष + १; तेथे क्ष = −१ घालावा. −४ + ७ − २ + ५ = ६; आणि ४७२५ ला ११ ने भागल्यास बाकी खरोखरच ६ येते.

व्याख्या शेवटी

इतके झाल्यावर बहुपदी कशास म्हणावे व कशास म्हणू नये, हे सांगता येते. चलाचे घातांक ०, १, २, ३ असे पूर्ण असले पाहिजेत. १/क्ष असलेली राशी बहुपदी नव्हे. स्थानिक किमतीच्या भाषेत ते घर दशांशचिन्हाच्या उजवीकडचे आहे. क्ष चे वर्गमूळ असलेली राशीही बहुपदी नव्हे. तसे घर तर संख्येच्या मांडणीत नाहीच. मात्र सहगुणक अपूर्णांक किंवा ऋण असण्यास हरकत नाही. ½क्ष² − ३ ही बहुपदीच होय. पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी व गुणाकार केल्यास पूर्णांकच मिळतात, भागाकारात मात्र बाकी उरू शकते. बहुपदींचेही नेमके तसेच आहे. वरच्या वर्गांत क्ष, य यांच्या जागी रोमन अक्षरे येतील, त्याचीही कल्पना मुलांस आधीच द्यावी.

स्वाध्याय

(१) ७०३६ ही संख्या क्ष मध्ये लिहा. सहगुणक व कोटी सांगा. क्ष = २ असता किंमत काढा.
(२) (५क्ष + ९) + (२क्ष + ८) ही बेरीज करा. क्ष = १०, १२ व २० घेऊन ताळा पाहा.
(३) एकोणसाठमधून एकोणतीस बहुपदीच्या रीतीने वजा करा.
(४) गुंठ्याची एक बाजू क्ष फुटांनी वाढविली व दुसरी तितकीच कमी केली. क्षेत्रफळ किती? ते गुंठ्याहून जास्त की कमी?
(५) कोणतीही दोन-अंकी संख्या व तिचे आकडे उलट करून येणारी संख्या यांच्या बेरजेस ११ ने भाग जातो, हे अक्षरांनी दाखवा.

उत्तरे : (१) ७क्ष³ + ३क्ष + ६, सहगुणक ७, ०, ३, ६, कोटी ३, किंमत ६८. (२) ७क्ष + १७. किमती ८७, १०१, १५७. (३) (६क्ष − १) − (३क्ष − १) = ३क्ष. (४) (३३ + क्ष)(३३ − क्ष) = १०८९ − क्ष² चौरस फूट; गुंठ्याहून कमी. (५) (१०अ + ब) + (१०ब + अ) = ११(अ + ब).

समारोप

या सहा पाठांत नवीन अशी एकही क्रिया नाही. घरे, हातचा, ताळा, गुंठा, बाकी, नवाची कसोटी हे सारे प्राथमिक शाळेचेच धन आहे. फक्त दहाचा खुंटा उपटून त्या जागी क्ष रोवला आहे. हे ज्या मुलाने एकदा पाहिले, तो माध्यमिक शाळेत बहुपदीसमोर उभा राहिला असता तिला ओळखील. आणि जे ओळखीचे आहे त्याला मूल भीत नाही. ही ओळख करून देण्याची संधी प्राथमिक शिक्षकास सर्वांच्या आधी मिळते. ती त्याने दवडू नये.